जुनी हायब्रिड गाडी: किलोमीटर कमी, पण बॅटरी किती वर्षांची?

२०२२ हे वर्ष भारतातल्या हायब्रिड गाड्यांसाठी महत्त्वाचं ठरलं. त्या एका वर्षात होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि वर्षाअखेरीस इनोव्हा हायक्रॉस अशा चार गाड्या आल्या. तेव्हा नव्या घेतलेल्या या गाड्यांचे पहिले मालक आता दुसरी गाडी घेऊ लागलेत. त्यामुळे कोल्हापूर, पुणे, हैदराबाद, इंदूरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात या हायब्रिड दिसायला लागल्या आहेत. त्यांच्याच शेजारी दहा-बारा वर्षांची कॅम्री हायब्रिडही उभी असते, तीही एखाद्या नव्या छोट्या गाडीच्या किमतीत. दोन्हींवर 'हायब्रिड' लिहिलेलं असतं, आणि घेणाऱ्याची गल्लत तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती चाललीय? एजंटाचं उत्तरही ठरलेलं: "काका, फक्त अडतीस हजार. डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना." साध्या पेट्रोल-डिझेल गाडीला हा प्रश्न योग्यच आहे. इंजिन, क्लच, सस्पेन्शन हे सगळं धावण्याने झिजतं. हायब्रिडमध्ये मात्र सर्वांत महाग पडू शकणारा भाग म्हणजे मोठी बॅटरी, आणि तिचा हिशोब किलोमीटरपेक्षा वर्षांनी, उन्हाने आणि गाडी कशी वापरली यावरून करावा लागतो. अडतीस हजार चाललेली नऊ वर्षांची गाडी आणि पंच्याऐंशी हजार चाललेली तीन वर्षांची गाडी यांत निवड करायची झाली, तर बहुतेक घरांत पहिलीकडे मन ओढतं. हायब्रिडच्या बाबतीत बहुतेक वेळा दुसरी घ्यावी.

कारण समजून घ्यायला बॅटरी केवढी असते ते आधी पाहू. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली लिथियम-आयन बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची आहे. पहिल्या नेक्सॉन ईव्हीत तीस युनिटची होती. पाऊण युनिटवर घरातला दीड टनाचा एसी साधारण अर्धा तास चालेल. एवढीशी बॅटरी ब्रेक दाबला की भरते आणि गाडी हलली की रिकामी होते. शहरात हे दिवसातून शेकडो वेळा घडतं. पण गाडीचा कॉम्प्युटर तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण उतरूही देत नाही. ती कायम मधल्या पट्ट्यात ठेवली जाते. त्यामुळे रोजच्या धावण्याने ती फारशी थकत नाही. तिला थकवतात तीन गोष्टी: उष्णता, नुसतं वाढत जाणारं वय, आणि महिनोन् महिने एका जागी उभं राहणं.

शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. 'फक्त लग्नकार्याला बाहेर काढतो' अशी गाडी कौतुकाने विकली जाते. जुन्या कॅम्रीत निकेल-मेटल हायड्राइड जातीची बॅटरी आहे, आणि ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरत जाते. आतले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. सगळे सारख्या वेगाने उतरत नाहीत. काही मागे पडतात, आणि संपूर्ण बॅटरीची ताकद त्या सर्वांत कमजोर सेलएवढीच उरते. म्हणजे डॉक्टरांची गाडी कमी चालली हे खरं असलं तरी बॅटरीच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र नव्हे. उलट पुणे-कोल्हापूर रोज धावणारी, कंपनीच्या शोरूममध्ये वेळेवर सर्व्हिस झालेली गाडी आतून जास्त निरोगी निघू शकते.

उष्णतेचं गणित आपल्या भागांना जास्त लागू आहे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मे महिन्यात उघड्यावर उभी राहणारी गाडी आणि पणजीत इमारतीखाली उभी राहणारी गाडी एकाच वर्षाची असली तरी त्यांच्या बॅटऱ्या एका वयाच्या राहत नाहीत. बॅटरी थंड ठेवायला हवा आत ओढणारा पंखा असतो. जुन्या टोयोटांमध्ये त्याची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते आणि तिथे धूळ, कापसाचे धागे, कुत्र्याचे केस अडकून बसतात. जाळी तुंबली की पंखा जास्त ओरडतो आणि बॅटरी तापत राहते. जाळी साफ करायला खर्च जवळपास शून्य, पण कित्येक मालकांना ती आहे हेच माहीत नसतं. गाडी बघताना मागच्या सीटजवळ हात घालून ती जाळी पाहिली, तर आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली याचा चांगला अंदाज येतो.

आता वॉरंटी. २०२२ पासून आलेल्या या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीवर टोयोटा, मारुती आणि होंडा तिघांचीही ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तेवढी वॉरंटी आहे. वर्षं मोजली जातात ती पहिल्या मालकाच्या डिलिव्हरीपासून. दुसऱ्याने गाडी कधी घेतली याचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे २०२२ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली गाडी २०३० च्या डिसेंबरपर्यंत सुरक्षित, बशर्ते मीटर १,६०,००० च्या आत असेल.

किलोमीटर महत्त्वाचे ठरतात ते इथे. समजा गाडी १,३०,००० चाललीय. वर्षं शिल्लक आहेत चार, पण किलोमीटर उरलेत तीस हजार. महिन्याला दीड हजार चालवणाऱ्या माणसाची वॉरंटी वीस महिन्यांत संपेल, आणि उरलेली वर्षं कागदावरच राहतील. म्हणून किमतीची घासाघीस करण्याआधी ही वजाबाकी करावी: वर्षं किती उरली, किलोमीटर किती उरले, आणि आपल्या वापराने त्यातलं आधी काय संपणार. दोन सारख्या गाड्यांमध्ये ज्याची वॉरंटी दोन वर्षं जास्त, तिला थोडे पैसे जास्त दिले तरी चालतील. गुळगुळीत सीट कव्हर आणि नव्या टायरांसाठी मात्र जास्त मोजू नये.

वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावाने पुढे चालू राहते का, मधल्या एखाद्या सर्व्हिसला गाडी बाहेरच्या गॅरेजात गेली असेल तर काय होतं, टॅक्सी म्हणून वापरलेल्या गाडीला नियम वेगळा आहे का, हे तीन प्रश्न शोरूमला चेसिस नंबर देऊन ई-मेलवर विचारावेत. फोनवरचं "हो हो, मिळेल साहेब" पुढे कामाला येत नाही. हायक्रॉस मोठ्या संख्येने टुरिस्ट परवान्यावर धावतात, आणि त्यातल्या काही पुढे पांढऱ्या पाटीवर येतात. पिवळ्या पाटीचा इतिहास आरसीच्या जुन्या नोंदीत दिसतो. तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पण केवळ टॅक्सी होती म्हणून गाडी बाद करण्याचंही कारण नाही. रोज धावलेल्या बॅटरीबद्दल वर आलंच आहे.

दहा-बारा वर्षांच्या कॅम्रीचं काय? ही गाडी २०१३ पासून बंगळूरुजवळच्या बिडदीत बनू लागली. (टोयोटाच्या भागीदारातलं किर्लोस्कर हे नाव बेळगावकरांना सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच.) गाडी दणकट आहे, आरामाला तोड नाही, इंजिन आणि गिअर यंत्रणा दीर्घायुषी म्हणून नावाजलेली. पण बॅटरीची वॉरंटी केव्हाच संपलेली असते आणि नवी बॅटरी लाखांत पडते. गाडीच्या आजच्या किमतीच्या तुलनेत हा आकडा किती भरतो, ते शोरूमकडून लेखी दरपत्रक घेऊन पाहावं आणि मगच बोली लावावी. बॅटरी अजून मूळची असेल तर ती उद्या जाणार असं धरूनच भाव करावा. टिकली तर आपलं नशीब.

'बॅटरी बदललेली आहे' असं विकणारा म्हणाला तर बिल मागावं. शोरूमची नवी बॅटरी आणि गॅरेजात 'दुरुस्त' केलेली बॅटरी यांत फार अंतर आहे. बाहेरचे मेस्त्री बहुधा खराब झालेले दोन-चार मॉड्यूल काढून त्या जागी दुसऱ्या गाडीतले बसवतात. गाडी चालू होते, दिवा विझतो. काही महिन्यांनी पुढचं कमजोर मॉड्यूल मान टाकतं, कारण बाकीची त्याच वयाची असतात. असली दुरुस्ती स्वतःची गाडी आणखी वर्षभर ढकलायला ठीक आहे. विकत घेताना तिची किंमत शून्य धरावी.

निकेलच्या बॅटरीबद्दल एवढं बोलल्यावर लिथियम सर्वस्वी निर्धोक असा अर्थ काढू नये. हायक्रॉसमध्ये आजही निकेल-मेटल हायड्राइडच आहे. हायरायडर, ग्रँड विटारा आणि सिटीत लिथियम-आयन. निकेलच्या बॅटरीचा जगभरात पंचवीस वर्षांहून जास्त अनुभव आहे आणि तिचं एकेक मॉड्यूल बदलता तरी येतं. आपल्याकडच्या लिथियमवाल्या गाड्यांची पहिली आठ वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. वॉरंटी संपल्यावर त्या आपल्या उन्हाळ्यात कशा वागतात हे २०३० नंतरच कळेल. वॉरंटीतल्या गाडीवर भर द्यायचा तो यासाठीही.

याहून मोठा घोळ 'हायब्रिड' या शब्दाचा. मारुतीच्या सियाझ आणि अर्टिगावर २०१५ पासून एसएचव्हीएस किंवा 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असायचं. या माइल्ड हायब्रिड. त्यात छोटी बॅटरी आणि पट्ट्यावर चालणारी एक मोटर असते. सिग्नलला इंजिन बंद-चालू करणं आणि उचलताना थोडा हात देणं एवढंच तिचं काम. नुसत्या बॅटरीवर ती गाडी एक फूटही जात नाही. सरकारनेही फेम योजनेतली सवलत एप्रिल २०१७ पासून या माइल्ड गाड्यांना बंद केली. तरी आरसीवर 'पेट्रोल/हायब्रिड' दिसतं आणि विकणारा त्यावर भाव वाढवतो.

हायरायडर आणि ग्रँड विटारात तर एकाच नावाखाली दोन्ही जाती आहेत. स्ट्राँग हायब्रिडचं कंपनीने सांगितलेलं अॅव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर, माइल्डचं २१ च्या आसपास. बाहेरून बघून पटकन ओळखू येत नाही. साधी खूण म्हणजे क्लच. क्लच असला तर ती स्ट्राँग नव्हे. ऑटोमॅटिक असली तरी खात्री होत नाही, कारण माइल्डमध्येही ऑटोमॅटिक मिळते. मग मॉडेलचं पूर्ण नाव शोरूमच्या बिलावर पाहावं आणि गाडी आवाज न करता नुसत्या विजेवर पुढे सरकते का ते पाहावं. माइल्ड गाडी वाईट नाही, तिची बॅटरी लहान म्हणून खर्चही लहान. फक्त तिला स्ट्राँगचा भाव देऊ नये.

चालवून बघायची तर सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावं. स्क्रीनवर बॅटरीच्या पट्ट्या दिसतात. चांगल्या बॅटरीत त्या सावकाश खालीवर होतात. दोन मिनिटांत भरून वर, आणि लगेच धाडकन खाली, असं होत असेल तर आत साठवण उरलेली नाही. सपाट रस्त्यावर, एसी बेताचा असताना इंजिन सारखं चालू-बंद होत राहणं हीदेखील तीच तक्रार.

घाटात मात्र फसायला होतं. बेळगावहून चोर्ला घाट उतरताना कुठल्याही हायब्रिडची बॅटरी लवकर भरते, कारण ती मुळात लहानच आहे; भरल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, तो इंजिन ब्रेकिंगचा. त्याने घाबरून जायचं कारण नाही. पाहायचं ते चढताना: पट्ट्या उतरल्यावर गाडी एकदम मंद पडते का, आणि धोक्याचा दिवा लागतो का.

खरी तपासणी स्कॅनरने होते. शोरूममध्ये हायब्रिड तपासणी करून छापील अहवाल घेता येतो, आणि जुन्या टोयोटांसाठी ओबीडी डोंगल व मोबाईल अॅपवर बॅटरीच्या एकेका गटाचा व्होल्टेज बघता येतो. आकडा किती यापेक्षा सगळे गट बरोबर चालतात का हे पाहायचं. जोराने गाडी पळवताना तेरा गट एकत्र खाली येतात आणि चौदावा त्यांच्यापेक्षा खोल जातो, तर तो चौदावा हीच उद्याची बातमी. तपासणीच्या आदल्या दिवशी कुणी जुने कोड पुसून ठेवले असतील, म्हणून शक्य तर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून मग स्कॅन करावा. एक गोष्ट वेगळी ठेवावी: साधी १२ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की हायब्रिड सुरूच होत नाही आणि डॅशबोर्डवर दिव्यांची माळ लागते. काही हजारांचं काम असतं. एजंट मोठ्या बॅटरीचा दोष या छोटीवर ढकलतो, आणि कधीकधी ते खरंही असतं. नवी १२ व्होल्टची बसवून पुन्हा स्कॅन केला की खरं-खोटं कळतं.

पुराचा मुद्दा आपल्या भागात टाळता येत नाही. कोल्हापूर-सांगलीत २०१९ आणि २०२१ चा पूर, हैदराबादेत ऑक्टोबर २०२०, वडोदऱ्यात ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्रीचं पाणी. बुडालेल्या गाड्या त्याच गावात विकल्या जात नाहीत. राज्याची सीमा ओलांडून जातात, कारण तिथे कुणी ओळखत नाही. साध्या गाडीचं गालिचे बदलून भागतं. हायब्रिडच्या उच्च दाबाच्या जोडण्यांत शिरलेलं पाणी वर्षभराने गंज होऊन वर येतं, आणि पाण्याचं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. सीटखालचे बोल्ट, बेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारी चिखलाची रेघ, डिकीतल्या गादीखालचा गंज पाहावा, आणि जुन्या विमा पॉलिसीवर नो-क्लेम बोनस मध्येच शून्यावर आला का तेही.

पेट्रोलबद्दल एकच: एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या गाडीला ई-२० इंधन चालतं की नाही, हे मॅन्युअलमध्ये किंवा शोरूममध्ये त्या मॉडेलपुरतं विचारून घ्यावं.

आता किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवरचा कर ४३ टक्क्यांवरून ४० वर आला. छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर त्याहून जास्त घसरला, त्यामुळे हायब्रिडला जास्त भाव देण्याचं कारण थोडं कमीच झालं. २०२५ च्या आधी नवी घेतलेल्या मालकाचा 'मला एवढ्याला पडली होती' हा आकडा आता जुना आहे. तुलना आजच्या नव्या किमतीशी करावी. डीलरकडून घेतली तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी असतो, मालकाकडून थेट घेतली तर नाही.

वापर कुठे होणार हेही किमतीतच धरावं. हायब्रिड कमावते ती इंदूरच्या किंवा हैदराबादच्या सिग्नलवर. बेळगाव-बंगळूरु महामार्गावर शंभरच्या वेगाने धावताना बहुतेक वेळ पेट्रोल इंजिनच काम करतं आणि फरक बराच आटतो. महिन्याला सात-आठशे किलोमीटर, तेही हायवेवर, एवढाच वापर असणाऱ्या घराला चांगली साधी पेट्रोल गाडी स्वस्त पडेल.

सीमाभागात सगळं गणित बिघडवणारा खर्च मात्र वेगळाच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ता कर आहे, कर्नाटकात त्याच गाडीला १७ टक्के आणि त्यावर उपकर. पुण्यात लाखभर स्वस्त मिळाली म्हणून एमएच पाटीची गाडी बेळगावात आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवल्यास तिथली नोंदणी करावी लागते. वयाप्रमाणे कर कमी होत जातो खरा, पण अठरा लाखांच्या तीन-चार वर्षांच्या गाडीला तो दोन लाखांच्या वर जाऊ शकतो. वाचलेला लाख गेला, वर आणखी एक गेला. उलट वडोदऱ्याच्या वाचकाला मुंबई-पुण्याची गाडी परवडू शकते, कारण गुजरातचा दर महाराष्ट्रापेक्षा बराच कमी आहे. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी दुसऱ्या राज्यातली नोंदणी आधी व्हावी लागते आणि पाठपुरावा आपणच करायचा असतो.

त्यामुळे टोकन देण्याआधी दोन कागद हातात असावेत: शोरूमचा बॅटरी तपासणी अहवाल, आणि आपल्या आरटीओत त्या मॉडेलला, त्या वयाला नेमका किती कर पडेल याचा आकडा. मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, काढण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असं सौद्याच्या कागदावर लिहून घ्यावं, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ ही. एनओसी येईपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवायला जो मालक तयार होत नाही, त्याची गाडी दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्यावी.